सुचलेले सभेपुढे नेण्याविषयी

दैनंदिन जीवनात सामान्य माणसाला सार्वजनिक व्यवस्थेविषयी जितक्या समर्पक गोष्टी सुचतात, तितक्या एखाद्या समितीला वर्षभराच्या बैठकांतूनही सुचत नसतील, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे. रेशनच्या रांगेत उभी असलेली गृहिणी, एस. टी.च्या फलाटावर गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी, सरकारी दवाखान्यात केसपेपर हाती घेऊन एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे जाणारा वृद्ध, या प्रत्येकाच्या मनात त्रास सोसता सोसताच, हे असे न करता तसे केले असते तर किती सोयीचे झाले असते, हा विचार येऊन जातो; आणि पुष्कळदा तो विचार अत्यंत साधा, अल्पखर्चाचा व अचूक असतो. परंतु घरी पोहोचेपर्यंत तो अर्धा विरतो, रात्रीच्या जेवणाच्या वेळी तक्रारीच्या रूपाने एकदा उच्चारला जातो आणि सकाळी उठून ज्याच्या-त्याच्या कामाला लागताना कायमचा मागे पडतो. ज्या विचाराने शेकडो लोकांचा रोजचा त्रास वाचला असता, तो एका माणसाच्या चरफडीत संपून जावा, ही मी सार्वजनिक संपत्तीची हानी समजतो. कोणत्याही ताळेबंदात तिची नोंद होत नाही, म्हणून ती लहान ठरत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की सार्वजनिक हिताची गोष्ट ज्याला सुचली, त्याच्यावर ती योग्य ठिकाणी पोहोचविण्याची जबाबदारी आपोआप येऊन पडते. आणि ती स्वीकारून, तिची छाननी करून, मान्य असल्यास कृती करण्याची व अमान्य असल्यास कारणे देण्याची तितकीच निश्चित जबाबदारी कारभाऱ्यांवर येते. या दोन जबाबदाऱ्यांपैकी पहिली आपण विसरलो आहोत, आणि आपण ती विसरलो म्हणूनच दुसरी टाळणे कारभाऱ्यांना सुलभ झाले आहे.

एक अगदी लहान उदाहरण घेतो. आमच्या भागातील एका हमरस्त्यावर बसथांब्याचा खांब जेथे रोवलेला आहे, तेथे सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंत सावलीचा लवलेश नसतो. तेथून पंधरा-वीस पावलांवर कडुनिंबाचे जुने, डेरेदार झाड आहे आणि साहजिकच सारे उतारू त्या झाडाखाली उभे राहतात. बस दिसली, की पिशव्या सावरीत, मुलांचे हात धरून सर्वांची खांबाकडे धाव सुरू होते आणि जे वयोवृद्ध आहेत त्यांची बस हटकून चुकते. त्या झाडाच्या पारावर गजरे विकणाऱ्या एका बाईंनी मला एकदा सहज सांगितले, “खांब हिकडं आणून रोवला तर भागंल, पण झाडापुढं रिक्षा लागतात, त्या खांबाच्या जागी न्याव्या लागतील. रिक्षावाल्यांचं काय नाय, त्यांना वर टप असतोय.” नगररचनेचे शिक्षण घेतलेल्या एखाद्या तज्ज्ञाने जागेची पाहणी करून जो निष्कर्ष काढला असता, तो या बाईंनी दोन वाक्यांत मांडला होता, इतकेच नव्हे, तर त्या योजनेने दुसऱ्या कोणाची गैरसोय होईल काय, या प्रश्नाचाही विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता. हे कोणाला कळविले आहे काय, असे मी विचारताच त्या म्हणाल्या, “कुणाला सांगायचं, दादा? बस एका हापिसाची, खांब दुसऱ्या हापिसाचा, अन् रिक्षा पोलिसांच्या.”

आम्ही काही रहिवाशांनी मग तो विचार लेखी स्वरूपात मांडला, अंतर मोजून एक साधा नकाशा काढला, उतारूंच्या सह्या घेतल्या आणि संबंधित कचेरीत अर्ज दाखल केला. अर्जाची पोच शिक्क्यासह मिळाली. उत्तर मात्र आजतागायत मिळालेले नाही. त्या योजनेत काही तांत्रिक अडचण असू शकेल. चौकापासूनचे अंतर, वळणारी वाहने, जमिनीखालील वाहिन्या यांपैकी एखादे सबळ कारण तिच्या आड येत असेल, तर ते ऐकून घेण्यास आम्ही सिद्ध आहोत. पण सूचना नामंजूर होणे आणि सूचनेला उत्तरच न मिळणे यांत मोठे अंतर आहे. नामंजुरीने माणूस विचार करण्यास प्रवृत्त होतो. मौनाने मात्र, पुन्हा म्हणून काही सुचवायचे नाही, असा धडा तो घेतो आणि तोच धडा आपल्या मुलांनाही देतो.

व्यवस्था वापरणाऱ्याला तिच्याविषयी जे ज्ञान असते, ते ती उभारणाऱ्याला असतेच असे नाही. रस्त्याचा उतार किती असावा, जलवाहिनीचा व्यास किती असावा, हे अभियंत्याला कळते आणि ते त्यालाच कळावयाचे. पण पाणी रात्री दोन वाजता आले तर ते भरावयास कोणी उठावयाचे, आणि जी उठते तिला सकाळी सहाला कामावर जावे लागते, हे मात्र त्या घरातील बाईलाच ठाऊक असते. या दोन प्रकारच्या ज्ञानांची भेट घडविणे हेच स्थानिक स्वराज्याचे खरे प्रयोजन होय. केवळ कर गोळा करून दिवे लावावयाचे आणि केर उचलावयाचा एवढेच काम असते, तर त्यासाठी निवडणुका, सभागृहे, समित्या, इतिवृत्ते यांचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. एखादा कार्यक्षम मामलेदार पुरेसा होता.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. पुण्यात १८७० साली जी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिचे निमित्त पर्वती संस्थानाच्या व्यवस्थेविषयी लोकांत असलेला असंतोष, म्हणजे एका देवस्थानाच्या दैनंदिन कारभाराचा स्थानिक प्रश्न, हे होते. पण गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी केवळ कुरकुर करून थांबले नाहीत. सभेच्या सभासदाने निदान पन्नास लोकांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम त्यांनी केला. म्हणजे जो बोलेल तो कोणाच्या वतीने बोलतो, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. मताधिकार नसलेल्या, परकीय अंमलाखालच्या त्या काळात प्रातिनिधिकतेची ही कल्पना किती दूरदर्शी होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून पिकांची, पाण्याची व लोकांच्या हालअपेष्टांची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. गाऱ्हाण्याला माहितीची आणि माहितीला सह्यांची जोड दिली, की सत्तेला तिकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते, हे सूत्र त्या पिढीने आपल्या हाती ठेवले आहे.

त्याच शहराच्या नगरपालिकेत १८७६ साली महात्मा जोतीराव फुले सभासद म्हणून नेमले गेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्याकरिता एक हजार रुपये खर्च करावे, असा ठराव पुढे आला, तेव्हा फुल्यांनी त्याला एकट्याने विरोध केला आणि तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे सुचविले. ठराव त्यांच्या विरोधाला न जुमानता संमत झाला. पण त्यांचा विरोध सभागृहात, ठरावाच्या वेळी, पर्यायी सूचनेसह नोंदविला गेला, म्हणूनच तो आज आपल्याला ठाऊक आहे. तोच विचार त्यांनी घरी मित्रमंडळींपुढे बोलून दाखविला असता, तर तो त्या रात्रीबरोबर मावळला असता.

एका माणसाला सुचलेली गोष्ट किती दूरवर जाऊ शकते, याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे हे महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते; परंतु ही योजना सभापतीच्या आसनावरून उतरलेली नाही. गावातील हातांना काम नाही आणि गावातच बांधबंदिस्तीची, पाणी अडविण्याची, रस्त्यांची कामे पडून आहेत, या दोन उघड्या गोष्टी एकमेकींना जोडल्या तर काय होईल, या साध्या विचारातून सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्या विचाराची कसोटी लागली आणि राज्यभर लाखो माणसे त्या कामांवर जगली. पुढे १९७५ साली, या योजनेसाठी निधी उभा राहावा म्हणून, राज्याने व्यवसाय कर बसविला. म्हणजे शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी लहानशी रक्कम गावातील मजुराच्या हक्काच्या कामाशी जोडली गेली. १९७७ साली कायदा संमत झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली संसदेने संपूर्ण देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. एका तालुक्यात उगवलेला विचार देशाच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला, याचे कारण तो केवळ चांगला होता एवढेच नव्हे. चांगले विचार पुष्कळांना सुचतात. तो प्रथम लहान प्रमाणावर करून पाहिला गेला, त्याचा जमाखर्च मांडला गेला, त्याच्यासाठी पैसा कोठून यावयाचा याचे उत्तर शोधले गेले आणि तो सभागृहापुढे नेला गेला, म्हणून तो टिकला.

विचार उपजावा कसा आणि निर्णय व्हावा कसा, याविषयी मला सर्वांत अधिक शिकविले ते गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने. सुमारे शंभर घरांच्या या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली, ती सर्वत्र ठाऊक आहे. पण तिच्यामागची पद्धत मात्र फारशी कोणी लक्षात घेत नाही. मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातील देवाजी तोफा यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा अशा दोन भिन्न बैठका रुजल्या. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरचा जाणकारही यावा, वाटेल तो विचार मांडावा, शंका घ्यावी, कायद्याचे कलम समजून घ्यावे. मात्र तेथे निर्णय घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. या विभागणीतील शहाणपण मोठे आहे. आपल्याकडच्या बहुतेक सभांत विचार आणि निर्णय एकाच तासात उरकावयाचे असतात. त्यामुळे ज्याला अर्धवट, कच्चे, पण मोलाचे काही सुचले आहे तो बोलण्यास धजत नाही, आणि ज्याचे मत आधीच ठरलेले आहे तोच मोठ्याने बोलतो. मेंढ्याच्या लोकांनी कच्च्या विचाराला पिकण्यासाठी स्वतंत्र जागा दिली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. वर्षानुवर्षे चाललेल्या त्या अभ्यासाचेच हे फळ होय.

कोणी म्हणेल, की हे सारे असामान्य माणसांचे आणि असामान्य गावांचे झाले. सामान्य नागरिकाला दार कोठे आहे? दारे आहेत, त्यांतील काही उघडी असून आपण त्यांतून जात नाही, काही अर्धवट लोटलेली आहेत, आणि काही कायद्यात असूनही प्रत्यक्षात उघडलेलीच नाहीत.

खेड्यात ग्रामसभा आहे. प्रत्येक मतदार तिचा घटक आहे, वर्षातून तिच्या ठरावीक बैठका घेण्याचे बंधन आहे आणि नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल ती उपस्थित असावी लागते. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढे ही अट लागू नसते. याचा व्यावहारिक अर्थ असा होतो, की लोक आले नाहीत तरी सभा होते, ठराव होतात आणि ते गावाच्या नावाने होतात. जो आला नाही त्याची अनुपस्थिती ही मूक संमती ठरते, हे पुष्कळांना कळत नाही. आणि ज्यांना कळते, त्यांतील काहींना ते सोयीचेही असते.

शहरात परिस्थिती अधिक बिकट आहे. पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ साली घालून दिलेल्या वाटेने जाणारा हा भारतातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयातून नमुना घ्यावा, आपल्या प्रभागातील पदपथ, दिवे, बाक, बसथांबा, स्वच्छतागृह अशा लहान कामांची सूचना त्यात भरावी, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या अशा कामांसाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद व्हावी, अशी ती मूळ कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण एवढ्या मोठ्या शहरात हा नमुना भरणारे नागरिक फार थोडे, आणि भरलेल्या नमुन्याचे पुढे काय झाले हे सूचकाला घरबसल्या कळण्याची व्यवस्था त्याहून थोडी. २००९ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून शहरांतही क्षेत्रसभेची, म्हणजे मतदारांच्या वस्तीनिहाय सभेची, तरतूद केली. ती तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. त्यातच २०२२ सालच्या मार्चपासून पुढे पुण्यामुंबईसह अनेक महानगरपालिकांचा कारभार दीर्घकाळ निवडून आलेल्या सभागृहाविना प्रशासकांच्या हाती राहिला. ज्या काळात नगरसेवकच नव्हता, त्या काळात वस्तीची सभा तरी भरत असती, तर नागरिक इतका पोरका झाला नसता.

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके लेखत नाही. पहिला आक्षेप असा, की लोकांना वेळ नाही. दोन वेळच्या अन्नासाठी दहा-बारा तास राबणाऱ्या माणसाने सभेला केव्हा जावे? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच तो सभा बोलाविणाऱ्यांना लागू पडतो, न येणाऱ्यांना नव्हे. सकाळी अकरा वाजता भरणाऱ्या सभेला मजूर येणार नाही आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी भरणाऱ्या सभेला त्याची बायको येणार नाही. वेळ ठरविताना ज्यांचे ऐकावयाचे आहे त्यांच्या दिनक्रमाचा विचार झाला पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की लोक स्वार्थाचेच सुचवितात. प्रत्येकाला आपल्याच दारासमोर दिवा आणि दुसऱ्याच्या दारासमोर कचराकुंडी हवी असते. हेही खरे आहे. पण स्वार्थ सभेत उघडपणे मांडला गेला, की दुसऱ्याच्या स्वार्थाशी त्याची गाठ पडते, आणि त्या संघर्षातूनच उभयपक्षी मान्य होईल असा तोडगा निघतो. बंद खोलीत कानाशी लागून सांगितलेल्या स्वार्थाला असा अटकाव नसतो. तिसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाला तांत्रिक बाबी कळत नाहीत. त्याला त्या कळाव्यात अशी अपेक्षाच नाही. त्याने आपली अडचण आणि आपली सूचना सांगावी, तिची शक्याशक्यता अभियंत्याने तपासावी, आणि आपले मत त्याने सूचकाला समजेल अशा मराठीत लिहून द्यावे, एवढेच मागणे आहे.

तेव्हा मागणीही नेमकी असली पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात सूचनांची एक नोंदवही असावी. तिच्यात सूचना, तारीख, ज्या खात्याकडे ती पाठविली ते खाते आणि त्या खात्याचा सकारण शेरा असे रकाने असावेत, आणि ती वही कोणाही नागरिकाला अर्जाशिवाय पाहता यावी. माहिती मागितल्यास तीस दिवसांत ती देण्याचे बंधन माहितीच्या अधिकाराने २००५ पासून कचेऱ्यांवर घातलेलेच आहे. सूचनेच्या उत्तरालाही तशीच मुदत घालणे काही अशक्य नाही. एकाहून अधिक खात्यांशी संबंधित असलेली सूचना नागरिकाने तीन कचेऱ्यांत हिंडवावयाची नाही, तर जेथे ती प्रथम दाखल झाली त्या कचेरीनेच ती इतरांकडे पाठवून एकत्रित उत्तर द्यावयाचे, हा नियम झाला, तर त्या गजरेवाल्या बाईंचा प्रश्न निकालात निघेल. आणि वर्षातून एकदा, अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी, ती वही वस्तीच्या सभेपुढे उघडपणे वाचली जावी.

नागरिकानेही आपल्याकडून काही पथ्ये पाळली पाहिजेत. सूचना एका वेळी एकच करावी. जागा नेमकी सांगावी, शक्य तर अंतर मोजावे, छायाचित्र जोडावे. तिच्यामुळे ज्यांची गैरसोय होईल, त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे, कारण पुढे विरोध तेथूनच यावयाचा असतो. शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे ती एकट्याची लहर ठरत नाही. पोच जपून ठेवावी आणि मुदत संपताच स्मरणपत्र द्यावे, कंटाळू नये. आणि सूचना सकारण फेटाळली गेली, तर ती कारणे समजून घेऊन, पटली तर मान्य करण्याचे औदार्य दाखवावे, कारण प्रत्येक वेळी आपलेच खरे होईल अशी अपेक्षा धरणारा माणूस सभेत फार काळ टिकत नाही.

पाच वर्षांनी एकदा मत देऊन उरलेली वर्षे कारभाऱ्यांच्या नावाने बोटे मोडीत बसणे, याला स्वराज्य म्हणता येणार नाही. मत देताना आपण माणूस निवडतो. सूचना करताना आपण काम निवडतो, आणि रोजचे जीवन सुसह्य होते ते कामांनी. तेव्हा पुढील ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागेल किंवा सहभागी अंदाजपत्रकाचे नमुने कार्यालयात येतील, त्या वेळी आपल्या मनात घोळत असलेली एक तरी गोष्ट कागदावर उतरवून तेथे न्यावी, बरोबर एका शेजाऱ्याला घ्यावे, पोच मागावी आणि मुदतीत उत्तर आले नाही तर पुन्हा जावे. ते उत्तर मिळेपर्यंत चिकाटीने पाठपुरावा करणारी माणसे प्रत्येक वस्तीत निघाली, तर क्षेत्रसभा कागदावरून वस्तीत आणण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या कृपेची वाट पाहावी लागणार नाही.